वल्ह्याला लावलेला कान

नातीच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, प्रत्येक मूल खास असतं. तिला सोडायला जातो तेव्हा रोज वाचतो. ज्यानं ते लिहिलं त्याला लहानपणी कुणी खास केलेलं नसणार. मला केलेलं. सात वर्षांचा असल्यापासून एकोणीस वर्षांचा होईपर्यंत मी आमच्या कोळीवाड्यात खास होतो, आणि त्यातून जे उरलं ते घेऊन आजवर चालतोय. मंजुळा असती तर म्हणाली असती, एवढं कडू बोलू नको, पोरांची शाळा आहे ती. मंजुळा नाही. तिला जाऊन सव्वा वर्ष झालं. म्हणून कडू बोलतो, आणि नातीच्या उरलेल्या वहीत लिहितो. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा जिथं चुकलं असेल तिथं समजून घ्या.

आमचं घर ठाण्याच्या खाडीला अगदी लागून. भरती मोठी असली की मागच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी यायचं आणि आई खराट्यानं ते परत लोटायची, कोंबडीला हाकलावं तसं. घरात बाबा, आई आणि मी. माझ्या आधीची दोन पोरं राहिली नव्हती. घरात सारखा कसला ना कसला आवाज. चुलीवर तांदळाच्या भाकरीची थापथाप, शेजारच्या काशाकाकाचा खरखरणारा ट्रान्झिस्टर, ओटीवर बायकांची भांडणं. आमच्याकडं साधं बोलणंही लांबून ऐकणाऱ्याला भांडण वाटतं. वळचणीला सुकट टांगलेली, तिचा वास आमच्या अंथरुणालाही होता. आई खाडीच्या चिखलातल्या निवट्यांचं कालवण करायची, चिंच घालून, अंगावर येईल एवढं तिखट. बाबा पहिला घास घेऊन नुसता हुंकार द्यायचा. तेवढंच त्याचं कौतुक. बाबा फार बोलायचा नाही. ज्या माणसानं माझ्याबद्दल जन्मभर पुरेल एवढं खोटं बोलून ठेवलं, तो एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलायचा नाही, हे आजही नवल वाटतं.

त्याचं असं झालं. सात वर्षांचा होतो. होडीत बाबाबरोबर गेलेलो, उन्हानं डोळा लागायला लागला म्हणून वल्ह्याच्या दांड्यावर डोकं टेकलं. वल्हं पाण्यात सोडलेलं होतं. डाव्या कानामागचं हाड दांड्याला लागलं आणि आत टुर्र टुर्र वाजायला लागलं, कुणी लांब खाली बसून दात वाजवत असावं तसं. ढोमा मासा असा बोलतो. मी बाबाला म्हटलं, खाली कोणीतरी बोलतंय. बाबा माझ्याकडं बघत राहिला. खूप वेळ. मग त्यानं तिथंच जाळं टाकलं, आणि ढोमे आले, टोपलीभर. त्या संध्याकाळी बाबानं चावडीवर सगळ्यांना सांगितलं, "माज्या पोराला मासा ऐकू येतो." आणि पुढं म्हणाला, "दुसऱ्या कोनी वल्ह्याला कान लावायचा नाय. लावला, तं पोराचा कान जाईल. मना सपनात सांगितलंय." कुणी सांगितलं ते कुणी विचारलं नाही. आमच्याकडं स्वप्नातल्या सांगणाऱ्याचं नाव विचारत नाहीत. आणि खरंच, पुढं बारा वर्षं त्या कोळीवाड्यात एकाही माणसानं वल्ह्याला कान लावून बघितला नाही. पन्नास घरं, सगळी दर्यात जन्म काढलेली, पण एकानं नाही.

मग माझं राज्य सुरू झालं. होड्या निघायच्या आधी मला धक्क्यावर नेत. मी बाबाच्या वल्ह्याला कान लावायचा, डोळे मिटायचे, आणि सांगायचं, कळव्याकडं जा, नाहीतर खाडीच्या मुखाकडं जा. नारळी पुनवेला सोन्याचा नारळ पाण्यात सोडला की पहिला कान माझा, आणि नारळीभाताचं पहिलं ताटही मला. ऐकायला बरं वाटतं. पण कान जपायचा म्हणून कबड्डी बंद. दिवाळीत फटाके बंद. लग्नात बँड लागला की माझ्या दोन्ही कानांत तेलाचे बोळे घालून मला घराच्या मागं, जाळी ठेवायच्या खोपीत बसवत. सगळी पोरं नाचायची आणि मी अंधारात कुबट जाळ्यांवर बसून ढोलाची नुसती धमक पोटात घेत राहायचो. चौथीत बाईंनी बाबाला शाळेत बोलावलं. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळाही बंद. "पोरांच्या गोंगाटानं कान बिघरेल," असं बाबानं आईला सांगितलं. आई म्हणाली, "मंग ठेव घरात, भांड्यात झाकून." पण तिचंही कुणी ऐकलं नाही.

मला स्वतःला काय वाटायचं ते सांगतो, हसू नका. मला वाटायचं, प्रत्येक माणसाला एक कान माणसांसाठी असतो आणि एक खाडीसाठी. माझा डावा खाडीचा. त्यात माणसांचं बोलणं येत नसे, तर ते त्याचं कामच नाही असं मी धरून चाललेलो.

हे फक्त मंजुळेला कळलं. ती आमच्यापासून चार घरं पलीकडची, आईबरोबर डोक्यावर टोपली घेऊन वर्तकनगरच्या बिल्डिंगांत मासळी विकायला जाणारी. जिने चढून चढून आणि तिथल्या बायकांशी भाव करून करून तिची जीभ धारदार झालेली. लग्नात मला खोपीत बसवलं की पत्रावळ घेऊन तीच यायची. एकदा मी जेवत होतो, कानांतले बोळे काढलेले. ती माझ्या डाव्या अंगाला बसून काहीतरी बोलत होती म्हणे. मग उठून उजवीकडं आली.

"मगासपासून तुला शिव्या देतंय," ती म्हणाली. "गाढव बोल्लू, माकड बोल्लू. तू आपला भात खातंस."

"मग?"

"मग काय! तुला त्या कानानं ऐकू येत नाय रे!"

"तो मासळीचा कान आहे," मी म्हटलं.

ती हसायला लागली, मग माझं तोंड बघून थांबली. "बरं," म्हणाली. "कोनाला नाय सांगत." सांगितलं नाही तिनं. शेवटपर्यंत नाही. त्या दिवसापासून ती माझ्या उजव्या बाजूलाच बसायची.

खाडी एका दिवसात मेली नाही. आधी पाण्याचा रंग बदलला. एके दिवशी शेंदरी, एके दिवशी जांभळं, वरून कुठून तरी यायचं. मग निवट्यांना रॉकेलसारखा वास यायला लागला, आणि आईनं कालवण केलं तर बाबानं पहिला घास घेऊन हुंकार दिला नाही. ताट सरकवलं. मग चिंबोऱ्या उलट्या पडलेल्या दिसायला लागल्या. वर्तकनगरच्या बायका मंजुळेला दारातूनच सांगायला लागल्या, खाडीची असेल तर नको. कोळीवाड्यातली पोरं एकेक करून वागळे इस्टेटच्या कारखान्यांत लागली. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी हाताला ग्रीसचा वास घेऊन यायची, आणि पगाराच्या दिवशी त्यांच्या घरी मटण शिजायचं. मी बाबाला म्हटलं, मीही जातो. बाबा म्हणाला, "मशीनच्या आवाजानं कान जाईल."

"कान घेऊन काय करू, बाबा? मासाच नाय!"

"येईल."

एवढंच. आमच्याकडं तेव्हा सकाळी भाकरी आणि सुकट, रात्री भाताची पेज. मग सुकटही संपली. आई मीठ-मिरची वाटून भाकरीला लावायची आणि म्हणायची, उन्हाळ्यात पोटाला हलकं बरं असतं. त्या उन्हाळ्यात तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आणि तरी लोक सकाळी दारात यायचे. बिचारे हातपाय धुऊन, देवळात यावं तसे. मी वल्ह्याला कान लावायचा. आत काही नाही. टुर्र नाही, टिक नाही, नुसतं पाणी. आणि मी डोळे मिटून म्हणायचो, कळव्याकडं. तिथं काही मिळालं नाही की दुसऱ्या दिवशी म्हणायचो, मुखाकडं. उपाशी लोकांना रोज तोंडावर खोटं सांगणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. मला पोट दुखतं असं सांगून पडून राहावंसं वाटायचं. पण मी आजारी पडलो तर अख्खा कोळीवाडा घाबरला असता. मला आजारी पडायचीही सोय नव्हती.

मग मी चोरून गेलो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हेल्पर घेत होते. आमच्यातल्याच एकानं चिठ्ठी दिलेली. बाबाला माजिवड्याला मामाकडं जातो म्हणून सांगितलं. आठवतं, पांढरा सदरा मंजुळेच्या भावाचा घातलेला. रांगेत उभा राहिलो आणि वाटलं, इथं मला कुणी ओळखत नाही. मी या रांगेतला बाविसावा. बाविसावा असण्यात एवढं सुख असतं हे मला माहीत नव्हतं. डोळे तपासले, छाती तपासली. मग डॉक्टरनं दोन फाट्यांचा एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटला आणि माझ्या डाव्या कानासमोर धरला.

"येतंय ऐकू?"

"नाही."

मग तोच चिमटा त्यानं कानामागच्या हाडाला टेकवला. आत मधमाशी शिरल्यासारखं गुणगुणलं.

"आता?"

"येतंय! येतंय!"

"लहानपणी कान वाहायचा?"

"आठवत नाही."

"वाहायचा. पडद्यात काही राहिलेलं नाही." तो लिहायला लागला. मला राहवेना. मी त्याला विचारलं, साहेब, मी वल्ह्याला कान लावला की मला मासे ऐकू येतात, ते कसं? तो पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून हसला. वाईट माणूस नव्हता. "अरे, लाकडातून आवाज हाडात जातो. तूच काय, कुणीही कान लावला तर ऐकू येईल." आणि मग कंपाउंडरला म्हणाला, "लेफ्ट इयर नॉर्मल नाही. अनफिट लिही."

पाच मिनिटंही लागली नाहीत. आत गेलो तेव्हा मी खास होतो. बाहेर आलो तेव्हा ना खास, ना बाकीच्यांसारखा. रांगेत माझ्या मागं उभा असलेला पोरगा आत गेला आणि मी फाटकापाशी सदरा काढून खांद्यावर टाकला, कारण तो दुसऱ्याचा होता आणि घामानं खराब झाला असता. एवढं शहाणपण तेव्हाही सुचलं. घरापर्यंत चालत आलो. वाटेत एकदाही डोक्यात आलं नाही की आता काय करायचं, कारण करण्यासारखं काही नव्हतंच.

चारच दिवसांनी काशाकाका दारात आला. त्यानं उधारीवर नवं नायलॉनचं जाळं आणलेलं. त्याच्यामागं आणखी तिघं. "पोराला सोताला घेऊन चल खारीत," तो बाबाला म्हणाला. "धक्क्यावरनं नको. आत नेऊन ऐकव. आमी मागनं येतंव. पोरं उपाशी हायत आमचीपन." बाबा माझ्याकडं बघत होता. मी नको म्हणावं असं त्याला वाटत होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मी नुसती मान हलवली.

भरतीला पाच होड्या निघाल्या. आमची पुढं. कुणी बोलत नव्हतं, वल्हीसुद्धा जपून मारत होते, माझ्या कानाला त्रास नको म्हणून. मध्यावर गेल्यावर मी दांड्याला कान लावला. चार होड्यांतली माणसं श्वास धरून माझ्याकडं बघत होती. काशाकाकानं तर विडी विझवली. आत काही नव्हतं. मी दांडा एवढा दाबला की हाड दुखायला लागलं. देवा, एक ढोमा. एकच. एकानं तरी बोलावं. उन्हात डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. खरं सांगायची ती वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "इथं. खाली लय हाय."

जाळी पडली. ओढताना जड लागली, आणि एका होडीतून कुणीतरी "आय एकवीरे!" म्हणून ओरडला. तो आवाज अजून माझ्या उजव्या कानात आहे. जाळ्यात काळा चिखल आला, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, एक टायर आला. काशाकाकाचं नवं जाळं खाली कशाला तरी अडकलं. त्यानं ओढलं, दोन पोरांनी ओढलं, आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटत वर आलं.

"कान भाड्यानं दिलास कं कोनाला?" काशाकाका ओरडला. "कं पैल्यापासून येड्यात कारत होतास आमाला?"

बाबा उभा राहिला. होडी डुलली. "जालं मी शिवून देतो," तो म्हणाला. दुसरं काही नाही.

नऊ दिवस बाबा ओटीवर बसून काशाकाकाचं जाळं शिवत होता. येणारे-जाणारे थुंकून जात. एरवी जाळं शिवायला चार बायका येऊन बसतात, गप्पा चालतात, पण आमच्या ओटीवर कुणी चढलं नाही. बांबूची सुई, दोरा, गाठ. सुई, दोरा, गाठ. मी समोर बसून टोक धरायचो. सहाव्या दिवशी माझ्याच्यानं राहवलं नाही.

"बाबा, मी इस्टेटला गेलेलो. डॉक्टरनं सांगितलं, माझा एक कान मेलाय."

"ठाव हाय," बाबा म्हणाला. गाठ मारली. "तू तीन वर्साचा होतास. मैनाभर पू व्हात व्हता. तुज्या आयेला बी ठाव हाय."

"आणि मासा? तो म्हणाला, कुणालाही ऐकू येतो."

"येतो ना. मना बी येतो. काशाला बी येल. कोनी कान लावला नाय, एवरंच."

मी जाळ्याचं टोक सोडलं. "मग का, बाबा?"

तो सुई थांबवून माझ्या उजव्या बाजूला सरकला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हा माणूस सुद्धा कायम माझ्या उजवीकडंच बसत आलाय. "पोरं तुला भैऱ्या बोलायची," तो म्हणाला. "तुला आठवत नाय. ओट्याखाली लपून बसायचास. मंग तू बोललास, खाली कोनतरी बोलतंय. मना वाटलं, चला, जल्मभर भैऱ्या ऐकन्यापरीस ह्ये बरा. बाईंनी शालेत बोलावलंन तवा बी तेच बोलत व्हत्या, मुक्याभैऱ्यांच्या शालेत घाला. घातलं असतं तं सगल्यांना परत आठवलं असतं."

"घातलं असतंस तर शिकलो असतो! बहिरा तर बहिरा! काम मिळालं असतं! तू मला ना..." मला बापाला मारावंसं वाटलं आणि त्याच्या मांडीवर डोकंही ठेवावंसं वाटलं, आणि दोन्ही केलं नाही. बाबानं जाळ्याचं टोक उचलून परत माझ्या हातात दिलं.

"धर," म्हणाला. "अजून लय फाटलाय."

जाळं शिवून झालं तेव्हा काशाकाकाला त्याचा काही उपयोग नव्हता. खाडीत टाकायला काही उरलं नव्हतं. त्या पावसाळ्यात बाबानं होडी कुऱ्हाडीनं फोडली आणि आईनं ती चुलीत घातली. खाऱ्या लाकडाची ज्योत हिरवी दिसते. वल्हं मात्र त्यानं फोडलं नाही. त्यानंतर तो चारच वर्षं राहिला, आणि मी त्याला क्षमा केली असं त्याला कधी म्हणालो नाही. आता म्हणावंसं वाटतं. आता काय उपयोग.

मंजुळेला मागणी आलेली, वागळे इस्टेटला पर्मनंट असलेल्या मुलाची. तिनं आईला नको म्हणून सांगितलं आणि मला म्हणाली, त्याचे दोन्ही कान चांगले आहेत, त्याला माझी कशाला गरज. मग लग्न करून आम्ही डोंबिवलीला आलो, चाळीत एक खोली. मी गोण्या उचलायचं काम धरलं. तिथं कान कुणी तपासत नाही, पाठ तपासतात. तिथं मी कुणीच नव्हतो. भाजीवाला अरे म्हणायचा, मुकादम ए म्हणायचा. हळूहळू कळलं की जगात बहुतेक माणसं अशीच असतात, काहीतरी एक मेलेलं घेऊन, गुपचूप. मंजुळा तेवढी रस्त्यानं चालताना उजवीकडं, रिक्षात उजवीकडं, खाटेवर उजवीकडं. तीस-बत्तीस वर्षं. वाहनं अंगावर येतील अशा बाजूलाही ती माझ्या कानासाठी चालली. मी म्हणायचो, मरशील एक दिवस. ती म्हणायची, मग तुला ऐकू येणाऱ्या शिव्या कोण देईल?

शेवटी हॉस्पिटलात तिची खाट अशी लावलेली की एका अंगाला भिंत. मला स्टूल मिळालं ते अशा जागी, की ती माझ्या डाव्या हाताला. सरकवता आलं असतं. मधे सलाइनची काठी होती, मी म्हटलं, राहू दे, दुपारपुरतंच तर आहे. दुपारी मी खिडकीकडं बघत बसलेलो. नर्स बाटली बदलायला आली आणि म्हणाली, "आजोबा, आजी तुमच्याशी काहीतरी बोलल्या ना आत्ता?"

मी वळलो. तिचे डोळे मिटलेले होते. ओठ जरासे उघडे, बोलून झाल्यासारखे.

काय म्हणाली ते नर्सला कळलं नव्हतं. मी दोनदा विचारलं. मग मी सलाइनची काठी बाजूला केली, वाकलो, आणि डाव्या कानामागचं हाड तिच्या गळ्याखालच्या हाडाला टेकवलं, वल्ह्याला टेकवायचो तसं. डोळे मिटले. खूप लांबून, खाली कुठून तरी, धक धक येत होतं. थांबायचं, परत यायचं. नर्स म्हणाली, आजोबा, उठा. मी उठलो नाही. बंद होईपर्यंत ऐकलं.

कुणालाही ऐकू आलं असतं ते. पण तिथं दुसऱ्या कुणी कान लावला नव्हता.